मरणाऱ्या पेशींचं देणं

कार्ल्याच्या चैत्यगृहातले ब्राह्मी लेख कुणी वाचून दाखवले, की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. सुमारे ४५ मीटर लांबीचं ते दालन एकट्या कुणाच्या पैशातून उभं राहिलेलं नाही. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपण हे शैलगृह पूर्ण केल्याचं सांगतो, महारठी अग्निमित्रणक बाहेरचा सिंहस्तंभ देतो, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव लावून देतो. पण आत एकेका खांबावर धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत, दाराशी सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या सिंहदत्ताचं नाव आहे, आणि वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराचंही आहे. कुणी काय दिलं ते नेमकं लिहिलेलं आहे. खांब दिला तर खांब, दार घडवलं तर दार.

मी त्याच डोंगराच्या पायथ्याची. एकवीरेच्या पायऱ्यांपाशी आईचं दुकान होतं. नारळ, खण, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, वेण्या. चैत्रात मुंबईकडून कोळी मंडळी पालख्या घेऊन आली की दुकान उजाडायच्या आत उघडायचं आणि आईला जेवायलाही उसंत मिळायची नाही. त्या यात्रेवर आणि नवरात्रावर आमचं वर्ष निघायचं. माझी फी, पुस्तकं, पुढे पुण्याचा रेल्वेचा पास, सगळं त्याच गल्ल्यातून आलं. मी आयुष्यभर यीस्टच्या जनुकांवर काम केलं. उपासमार झाली की ही पेशी स्वतःचाच भाग खाऊन कशी तगते आणि कधी मरते, हा माझा विषय. त्या कामापायी मी कुणाकुणाचं लागते ते लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

पहिलं नाव आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं. त्या दरवर्षी आम्हाला लेण्यांत घेऊन जायच्या, इतिहासाचा तास नसतानाही. या लेण्यांचा, इथल्या लेखांचा आणि एकवीरेसारख्या मातृदेवतांच्या ठाण्यांचा अभ्यास केलेला एक माणूस गणिती होता, हे मला त्यांनी सांगितलं. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म गोव्यातल्या कोसंबे गावचा, १९०७ चा. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने जात. ती गाडी आमच्या मळवली स्टेशनावर थांबत नाही, आमच्या समोरून धडधडत निघून जाते. बाई म्हणाल्या होत्या, ‘‘ती गाडी गेली की आठवण ठेवा, डोकं एका विषयात कोंडून ठेवायचं नसतं.’’ मी आठवण ठेवली. एम.एस्सी.ला जनुकशास्त्राचं जाडजूड पुस्तक हातात आलं आणि त्यात ‘कोसंबी फलन’ असं वाचलं तेव्हा मी थबकलेच. हे तेच का? तेच होते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४० च्या दशकात, त्यांनी ते सूत्र मांडलं होतं.

त्याचं काम असं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत ते तेव्हा थेट मोजता येत नसे. संततीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटतात त्यावरून अंदाज बांधावा लागे. पण गुणसूत्रात एका जागी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्याची शक्यता कमी होते. हॅल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हा शेजारधर्म धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरला. आजही भातासारख्या पिकांचे जनुकनकाशे काढताना त्यांचं सूत्र वापरतात. आमच्या मावळात, जिथे वडगावच्या भात संशोधन केंद्राने काढलेला इंद्रायणी घरोघरी शिजतो, ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे असं मला वाटतं. एकाच माणसाने आमच्या डोंगरातले लेखही वाचले आणि जनुकांमधली अंतरंही मोजली. ज्या मुलीला विज्ञान म्हणजे शहरातल्या लोकांचं काम वाटत होतं, तिला हे दार बाईंनी उघडून दिलं.

यीस्टमध्ये जनुकांची अंतरं काढणं आणखी सरळ असतं. तिच्या एका पिशवीत चार बीजाणू एकत्र राहतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुईने ते एकेक करून वेगळे ठेवता येतात. एका विभाजनाचा सगळा हिशेब समोर असतो. हे मला सरांनी शिकवलं. पुण्यातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी.ला लागले तेव्हा अनेकांना यीस्ट म्हणजे पावाची आणि दारूची गोष्ट वाटे. सर सांगत की या पेशीला आपल्यासारखंच केंद्रक आहे, सोळा गुणसूत्रं आहेत, आणि ती जनुकांचा एकच संच घेऊनही मजेत जगते. म्हणून एक जनुक बिघडलं की त्याचा परिणाम झाकला जात नाही, लगेच दिसतो. १९९६ मध्ये तिचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांत तो पहिला. सुमारे सहा हजार जनुकं.

एके दिवशी सरांनी माझ्यापुढे एक झेरॉक्स ठेवली. ‘फेब्स लेटर्स’च्या १९९३ च्या अंकातला लहानसा निबंध होता. लेखक दोनच, मिकी त्सुकादा आणि योशिनोरी ओसुमी. ओसुमींनी १९८८ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली आणि यीस्टची रिक्तिका, म्हणजे पेशीतली मोठी पोकळ पिशवी, अभ्यासायला घेतली. तेव्हा ती पेशीतला उकिरडा समजली जाई, तिच्यामागे लागणारे फार थोडे होते. पेशी स्वतःचा भाग पचवते हे नवं नव्हतं. ख्रिस्तियाँ द दूव यांनी १९६३ मध्येच त्याला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, असं नाव दिलं होतं. पण ते कोणत्या जनुकांच्या हाती असतं, हे तीस वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं.

ओसुमींची युक्ती साधी होती. पचन चालू असेल तर आत गेलेलं लगेच विरघळतं आणि काही दिसत नाही. म्हणून त्यांनी रिक्तिकेतली पाचक विकरंच नसलेली यीस्ट घेतली आणि तिला नायट्रोजन नसलेल्या द्रवात उपाशी ठेवलं. थोड्याच वेळात रिक्तिका गोल गोल कणांनी भरून गेली. ते कण म्हणजे पेशीने गुंडाळून आत टाकलेले स्वतःच्याच द्रव्याचे तुकडे होते. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. मग त्सुकादांनी रसायन देऊन हजारो पेशींची जनुकं बिघडवली आणि कुणाच्या रिक्तिकेत कण जमत नाहीत ते शोधलं. पहिलं बिघडलेलं वाण हाती लागलं तेव्हा कळलं की उपासमारीत ते लवकर मरतं. मग तीच खूण धरून बाकीची शोधली. त्यांच्या एकमेकांशी जोड्या लावल्यावर पंधरा वेगवेगळी जनुकं निघाली. थुम आणि क्लायन्स्की यांच्या गटांनीही आपापल्या वाटेने यातली पुष्कळशी जनुकं गाठली होती. पुढे २००३ मध्ये सर्वांनी मिळून त्यांना एटीजी हे एकच नाव दिलं. आज यीस्टमध्ये अशी चाळीसहून अधिक जनुकं माहीत आहेत.

सरांनी मला तो निबंध नुसता वाचू दिला नाही. ‘‘स्वतः बघ,’’ म्हणाले. ओसुमींनी पाहिलेलं मीही पाहिलं. संध्याकाळची वेळ, खोलीत अंधार केलेला. उपाशी ठेवलेल्या पेशींचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. गोल पेशी, तिच्या आत रिकामी दिसणारी मोठी रिक्तिका, आणि त्या रिक्तिकेत कण. ते एका जागी नव्हते, सारखे थरथरत, एकमेकांवर आदळत फिरत होते. बाहेर अन्न नाही असं कळल्याबरोबर पेशीने कोणतं काम थांबवायचं आणि काय मोडायला घ्यायचं याचा निर्णय केला होता, आणि तो निर्णय माझ्या डोळ्यांसमोर हलत होता. आता त्यातले टप्पेही ठाऊक आहेत. अन्न असतं तोवर टॉर नावाचं प्रथिन हे सगळं दाबून धरतं. अन्न संपलं की त्याचा हात सुटतो, एटीजी१ आणि एटीजी१३ कामाला लागतात, एक खोलगट पडदा उभा राहतो, एटीजी८ त्या पडद्याच्या मेदाला जाऊन चिकटतं, पडदा वाढत वाढत पेशीतला एक घास मिटून घेतो आणि रिक्तिकेत नेऊन सोडतो. त्यातून सुटलेल्या अमिनो आम्लांवर पेशी पुढचे दिवस काढते.

आता मामांचं सांगते. मामा प्रयोगशाळेत मदतनीस होते. कामशेतला राहायचे. मी मळवलीला चढायचे, पुढच्याच स्टेशनावर ते चढायचे, आणि शिवाजीनगर येईपर्यंत गप्पा. आमच्या कामात मखमलीला फार मोल. एका ताटलीवर वाढलेल्या शेकडो वसाहती जशाच्या तशा दुसऱ्या ताटलीवर उतरवायच्या तर ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणायची, ताटली तिच्यावर हलकेच दाबायची, आणि मग त्याच मखमलीवर नव्या ताटल्या टेकवायच्या. एका ताटलीत भरपूर अन्न, दुसरीत उपासमार. कोण कुठे तगलं ते एकावर एक ठेवून दिसतं. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. नोबेल मात्र १९५८ मध्ये जोशुआंना मिळालं.

मखमल नीट नसेल तर सगळं काम पाण्यात. साबणाचा अंश राहिला तर यीस्ट मरते आणि वाटतं जनुकामुळे मेली. ओल राहिली तर वसाहती फिसकटतात. मामा मखमलीचे चौकोन साध्या पाण्यात पुनःपुन्हा खळखळून घ्यायचे, दोरीवर वाळवायचे, सुटे धागे एकेक करून काढायचे, कागदात बांधून वाफेवर निर्जंतुक करायचे आणि परत भट्टीत सुकवायचे. लव कुठल्या बाजूला पडली आहे ते बोट फिरवून सांगायचे. उपासमारीच्या ताटल्यांत आम्ही फ्लॉक्सिन बी नावाचा रंग घालत असू. त्याने मेलेल्या पेशी गुलाबी होतात. ताटल्या उघडल्या की माझ्या आधी मामा वाकून बघत. पांढऱ्या वसाहतींत एखादी गुलाबी दिसली की म्हणत, ‘‘ताई, ही उपास झेपत नाही म्हणतीय.’’ माझी कारकीर्द ज्या वाणांवर उभी राहिली, त्यांतली कितीतरी आधी मामांच्या नजरेने हेरली. शोधनिबंधांवर त्यांचं नाव नाही. तशी रीतच नाही. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मात्र सर्वांत वर त्यांचं नाव आहे, आणि त्यांनी काय केलं तेही लिहिलं आहे. सिंहदत्त आणि सामी यांना जे मिळालं ते निदान एका पानावर मामांना मिळावं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

तगण्याची जनुकं समजू लागली तसा मरण्याचा प्रश्न पुढे आला. पेशी ठरवून मरते, हे १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी मांडलं होतं. सूत्रकृमीच्या वाढीत १०९० पेशी जन्मतात आणि त्यांतल्या १३१ नेमून दिलेल्या वेळी मरतात. ते मरण घडवणारी जनुकं हॉर्विट्झ यांनी शोधली आणि २००२ चं नोबेल ब्रेनर व सल्स्टन यांच्यासोबत मिळवलं. पण तिथे मरणारी पेशी एका शरीराचा भाग असते. यीस्ट तर एकटीच एक जीव. ती का मरेल? १९९७ मध्ये मादेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सीडीसी४८ या जनुकात बिघाड असलेल्या यीस्टमध्ये नियोजित मरणाच्या खुणा दिसतात. डीएनएचे तुकडे होतात, पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूचा मेद बाहेरच्या बाजूला येतो. २००२ मध्ये त्यांनीच यीस्टमधलं मेटाकॅस्पेज, म्हणजे वायसीए१, पुढे आणलं. ते नसेल तर पेशी पेरॉक्साइडच्या माऱ्यात जास्त टिकते.

यावर वाद झाले आणि अजून मिटलेले नाहीत. मेटाकॅस्पेज हे आपल्या पेशीत नियोजित मरण घडवणाऱ्या कॅस्पेज विकरांसारखं प्रथिनं तोडत नाही, त्याची तोडण्याची जागाच वेगळी. शिवाय तेच प्रथिन जिवंत पेशीत बिघडलेल्या प्रथिनांच्या गाठी साफ ठेवायलाही मदत करतं. सरांनी मला या वादात घाईने बाजू घेऊ दिली नाही. ते वसाहत बघायला सांगत. ताटलीवरची यीस्टची वसाहत म्हणजे बहुतेक एकाच पेशीची लेकरं, सगळ्यांची जनुकं एक. पाल्कोव्हा आणि वाखोव्हा यांनी २००५ मध्ये दाखवलं की जुन्या वसाहतीत मधल्या पेशी मरतात आणि त्यांचं द्रव्य कडेच्या पेशींच्या वाढीला मिळतं. म्हणजे एकेका पेशीचं मरण पाहिलं तर तोटा दिसतो, आणि जनुकांच्या बाजूने पाहिलं तर काही वाचवलेलंही दिसतं. हे मरण खरोखर त्यासाठीच निवडलं गेलं, की नुसतं अंगावर आलं आणि शेजाऱ्यांच्या उपयोगी पडलं, हे दोन्ही वेगवेगळे दावे आहेत. हा फरक धरून ठेवायला मी सरांकडून शिकले. माझ्या कामात जे काही टिकाऊ आहे ते या शिस्तीमुळे.

पुण्याचं या विषयाशी आणखी एक नातं आहे, आणि ते मला माझं वाटतं. फर्ग्युसनमध्येच शिकलेले सुरेश सुब्रमणी पुढे सॅन दिएगोला गेले आणि पिकिया नावाच्या यीस्टमध्ये पेरॉक्सिझोम नावाचे पेशीतले कप्पे मोडण्याची जनुकं त्यांच्या गटाने उलगडली. या यीस्टला मेथॅनॉलवर वाढवलं की तिच्यात मोठाले पेरॉक्सिझोम तयार होतात, कारण मेथॅनॉल पचवायला ते लागतात. मग तिला ग्लुकोज दिलं की त्यांची गरज संपते आणि पेशी नेमके तेवढेच गिळून टाकते, पेशीच्या बाकीच्या भागांना हात लावत नाही. याच प्रयोगशाळेतून आलेले रवी मंजिथाया आज बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात स्वभक्षणावर काम करतात. त्यांचे निबंध वाचताना माझ्या मनात फर्ग्युसनचा तो परिसर येतो, जिथे कोसंबी गणित शिकवत होते.

आईला मी हे सगळं कधी समजावून सांगितलं नव्हतं. तिला माझं काम कळणार नाही असं नव्हे, तिला वेळच नसायचा. २००४ मध्ये कुमा, मिझुशिमा आणि त्यांच्या गटाचा उंदरांवरचा निबंध आला तेव्हा मात्र मी मुद्दाम दुकानात जाऊन सांगितलं. यीस्टमध्ये सापडलेल्या एटीजी५चं भावंड उंदरांतही असतं. पिल्लू जन्मलं, नाळ तुटली, की आईकडून येणारं अन्न बंद होतं आणि दूध मिळेपर्यंत मधे उपासमारीचा काळ येतो. त्या तासांत पिल्लाच्या शरीरात स्वभक्षण एकदम वाढतं. ज्यांच्यात ते जनुक नाही ती पिल्लं दिसायला ठीक जन्मतात आणि एका दिवसात मरतात. आई नारळाच्या शेंड्या काढत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘म्हंजी लेकरू येतानाच शिदोरी बांधून येतं म्हण की.’’ मी पुढे अनेक व्याख्यानं दिली, परदेशातही दिली, पण यापेक्षा नेमकं मला सांगता आलेलं नाही. माझी शिदोरी कुणी बांधली होती ते तर माझ्या समोरच बसलं होतं.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ओसुमींना नोबेल मिळालं, नवरात्रातच. गडावर उपासाची गर्दी होती आणि फोनवर निरोप फिरू लागले की जपानच्या शास्त्रज्ञाला उपवासाने कर्करोग बरा होतो हे दाखवल्याबद्दल नोबेल मिळालं. दुकानात येणाऱ्या बायका आईमार्फत मला विचारू लागल्या. मी प्रत्येकीला बसवून सांगितलं. ओसुमींनी यीस्ट उपाशी ठेवली, माणसं नव्हे. ती ज्या नायट्रोजनच्या उपासमारीत होती तिचा आपल्या साबुदाण्याच्या खिचडीशी संबंध नाही. माणसाने किती तास उपाशी राहिल्यावर कोणत्या अवयवात काय होतं, हे त्या ताटल्यांवरून वाचता येत नाही. स्वभक्षण कर्करोगाच्या पेशीलाही तगून राहायला मदत करू शकतं. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईने निरोप वाचून उपास धरणं जिवावर बेतू शकतं. श्रद्धेने केलेला उपास हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. त्याला नोबेलचा आधार द्यायची गरज नाही आणि नोबेलला त्याचा द्यायची तर मुळीच नाही. हे ठामपणे सांगणं मी माझं कर्तव्य मानते, कारण ज्यांच्या खण-नारळाच्या पैशांतून मी शिकले त्याच या बायका.

सर आता नाहीत. मामा निवृत्त होऊन कामशेतला शेती बघतात. आमचा विषय मात्र वाढत गेला. मेंदूच्या पेशींतलं एटीजी५ किंवा एटीजी७ काढून टाकलं तर उंदीर नीट चालू शकत नाहीत, त्यांच्या मेंदूत प्रथिनांच्या गाठी साचतात, हे २००६ मध्ये दोन गटांनी दाखवलं. तेव्हापासून या यीस्टच्या जनुकांकडे कंपवातासारख्या आजारांवर काम करणारेही वळले आहेत. ज्या पेशींना आम्ही हजारोंनी उपाशी मारलं, त्यांच्याकडून हे सगळं आलं. त्याची जाणीव मला ताटली टाकून देतानाही असते.

सध्या कान्ह्याची एक मुलगी माझ्याकडे संशोधन करते. तिचा प्रश्न वायसीए१चाच आहे. ज्या यीस्टमध्ये स्वभक्षण बंद पाडलं आहे, ती उपासमारीत मरते तेव्हा त्या मरणात मेटाकॅस्पेजचा हात असतो का, की ती नुसतीच संपून जाते? उत्तर कुठल्याही बाजूने आलं तरी चालेल, असं मी तिला सांगून ठेवलं आहे. अट एकच घातली आहे. वाण कुणाकडून आलं, पद्धत कुणी शिकवली, मखमल कुणी धुतली आणि ती शिकत असताना घर कुणी चालवलं, हे तिच्या प्रबंधात नावानिशी आणि कामानिशी आलं पाहिजे. ‘सर्वांचे आभार’ असं मोघम लिहिलेलं पान मी सही न करता परत करणार आहे.